ल्युसर्नचा सिंह झोपलेला नाहीये

प्रश्न : ताई नमस्कार. मे महिन्यात आम्ही दोघं, मुलगा-सून आणि सहा वर्षांचा नातू असे युरोप टूरला जाऊन आलो. स्वित्झर्लंडमध्ये ल्युसर्नला दगडातला तो भलामोठा सिंह दाखवला, पंधरा मिनिटं दिली, त्यातली दहा फोटोत गेली. नातवाने विचारलं, आजोबा सिंह झोपलाय का? मी आपलं हो म्हटलं. घरी येऊन फोटो झूम केला तर अंगात काहीतरी घुसलेलं दिसतंय आणि पंजाखालची ढाल काही स्विस वाटत नाही. नक्की काय आहे हे? – एक वाचक, ठाणे

उत्तर : काका, बरं झालं झूम केलंत. तो सिंह झोपलेला नाहीये, मरतोय. कुशीत भाला घुसून मोडलाय, कपाळावर आठ्या पडल्यात, तोंड अर्धवट उघडं आहे, आणि तशाही अवस्थेत पंजा ढालीवरून काढलेला नाही. त्या ढालीवर फ्रान्सच्या राजाचं लिलीचं फूल आहे, स्विस क्रॉसवाली ढाल बाजूला वेगळी आहे.

स्विस डोंगरातली पोरं शेकडो वर्षं परक्या राजांच्या फौजेत नोकरी करायची. घरची शेती जेमतेम म्हणून पोरगा फौजेत, हे सातारकडच्या लोकांना वेगळं सांगायला नकोच. १० ऑगस्ट १७९२ ला पॅरिसमध्ये क्रांतिकारकांनी ट्युलरी राजवाड्यावर चाल केली, तेव्हा पहाऱ्यावर अशीच स्विस गार्डची पलटण होती. राजा सोळावा लुई बायकामुलांना घेऊन सकाळीच असेंब्लीच्या, म्हणजे लोकप्रतिनिधींच्या सभेच्या आसऱ्याला गेला होता, म्हणजे ही माणसं राजा नसलेला राजवाडा राखत बसली होती, गोळीबार पेटला आणि मग राजाची चिठ्ठी आली की लढाई थांबवा, बराकीत परत जा, पण तोपर्यंत फार उशीर झाला होता, शेकडो जण तिथेच कापले गेले. सिंहाच्या खाली मेलेल्यांचा आकडा ७६० आणि वाचलेल्यांचा ३५० असा रोमन आकड्यांत कोरलाय, वर लॅटिनमध्ये 'स्विसांच्या निष्ठेला आणि शौर्याला' असं आहे.

कार्ल फिफर नावाचा त्याच पलटणीतला एक अधिकारी त्या दिवशी सुट्टीवर ल्युसर्नला होता म्हणून वाचला. स्मारक व्हावं म्हणून पुढे तोच झटला. डिझाइन डेन्मार्कच्या बर्टेल थॉर्वाल्डसनचं, तो रोममध्ये काम करायचा, आणि प्रत्यक्ष कोरलं लुकास आहोर्नने १८२०-२१ मध्ये. लांबी साधारण १० मीटर, म्हणजे आपल्या लाल परीएवढा, उंची ६ मीटर. मला सगळ्यात भिडतं ते हे की सिंह कुठून आणून बसवलेला नाही, आपल्या वेरूळसारखा जागच्या कड्यातूनच कोरून काढलाय. फरक इतकाच की आपला काळा बसाल्ट कणखर आणि तिकडचा वाळूचा दगड मऊ, त्यात पाणी मुरतं, झिजतो, सारखी काळजी घ्यावी लागते.

तेव्हा स्वित्झर्लंडमधल्याच बऱ्याच लोकांना हे स्मारक पटलं नव्हतं, पगारावर परक्या राजासाठी मेलेल्यांचं कसलं कौतुक म्हणून. त्यांचं म्हणणं मला कळतं, पण मला त्या दगडात राजाचं कौतुक कुठे दिसतच नाही हो, दिसतात ती घरी परत न आलेली पोरं.

परत जाणं झालं तर सकाळी लवकर जा, तिकीट नाही, समोरच्या तळ्याच्या काठाला निवांत उभं राहा. शेजारीच ग्लेशियर गार्डन आहे, हिमयुगात बर्फाखालच्या पाण्याने खडकात पाडलेले मोठाले रांजणखळगे आहेत तिथे, आपल्या निघोजसारखेच, नातवाला आवडतील.

आणि त्याला आता खरं सांगून टाका काका. सहा वर्षांच्या मुलाला कळतं. सिंहाला लागलंय, तरी त्याने ढाल सोडली नाही, एवढं पुरे. राजा कुठे होता असं त्याने विचारलंच, तर तेही सांगा, तो सकाळीच निघून गेला होता.