लांब पल्ल्याची माउंटन बाइक शर्यत : तयारी आणि सामान

प्रश्न : मी प्रथमच १०० किलोमीटरच्या माउंटन बाइक शर्यतीत उतरणार आहे. वाटेत मदत केंद्रे आहेत, पण दोन केंद्रांमधले अंतर बरेच आहे. दुरुस्तीचे कोणते सामान जवळ असावे? इतरांच्या याद्या वाचल्या की सगळेच गरजेचे वाटते आणि पिशवीचे वजन वाढत जाते.

उत्तर : यादीतल्या प्रत्येक वस्तूबाबत दोन गोष्टी तपासा, म्हणजे बरीचशी यादी आपोआप गळेल. हा भाग बिघडला तर सायकल जागेवर थांबेल का, आणि थांबली तर ही वस्तू मला स्वतःला वापरता येते का? गिअर नीट पडत नसले तरी सायकल कुरकुरत का होईना पुढे जाते. चेन तुटली, हँगर मोडला किंवा टायर बाजूने फाटला तर ती जात नाही. म्हणून पिशवीत पहिली जागा या तिन्हींच्या दुरुस्तीला द्यावी.

हँगर म्हणजे मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग, ज्यावर बसतो तो धातूचा लहानसा तुकडा. सायकल पडली तर फ्रेमऐवजी तो वाकावा किंवा मोडावा, याच हेतूने तो कच्चा ठेवलेला असतो. पूर्वी बहुतेक फ्रेमचे हँगर वेगवेगळे असत. स्रॅम कंपनीने २०१९ मध्ये आणलेला युनिव्हर्सल हँगर आता अनेक नव्या सायकलींना चालतो. तरीही आपल्या सायकलीला कोणता लागतो हे पाहून एक जादा घ्यावा, कारण ऐनवेळी दुसऱ्या स्पर्धकाकडे तो मिळेल याचा भरवसा नसतो. चेनसाठी क्विक लिंक, म्हणजे तुटलेली चेन पुन्हा जोडणारी सुटी कडी, घ्यावी आणि ती आपल्या चेनच्याच मापाची असावी. मोडकी कडी काढायला चेन तोडण्याची सोय असलेले मल्टिटूल लागते. कडी काढल्यावर चेन आखूड होते, त्यामुळे त्यानंतर मागच्या सर्वांत मोठ्या चक्रावर गिअर टाकू नये. ताण असह्य होऊन डिरेलरच तुटू शकतो.

टायरबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण शर्यतीत सर्वाधिक वेळ तिथेच जातो. ट्यूबलेस टायरला भोक पडले की सीलंटचा, म्हणजे आत भरलेल्या भोक बुजवणाऱ्या द्रवाचा, पांढरा फवारा दिसतो. आधी चाक फिरवून भोक खाली आणावे, म्हणजे सीलंट तिथे जमून ते बुजण्याची संधी मिळते. तेवढ्याने भागले नाही तर प्लग, म्हणजे भोकात खुपसायची चिकट पट्टी, घालावा. बाजूची भिंतच फाटली असेल तर आतून ठिगळ लावून ट्यूब घालणे भाग पडते, आणि इथेच पुष्कळांची फसगत होते. सीलंटने बुजवलेले जुने काटे टायरमध्ये तसेच रुतलेले असतात आणि नवी ट्यूब हवा भरताच त्यांवर फुटते. म्हणून ट्यूब घालण्यापूर्वी टायरच्या आतून बोटे सावकाश फिरवून प्रत्येक काटा उपटून काढावा. ट्यूब घालण्यासाठी ट्यूबलेस व्हॉल्व्ह आधी काढावा लागतो, पण त्याची चकती घरी पकडीने आवळलेली असेल तर रानात ती बोटांनी सुटत नाही. ती हातानेच घट्ट केलेली असावी. सीलंट काही महिन्यांत वाळते, तेव्हा शर्यतीच्या आठवडाभर आधी ते तपासून नवे भरावे. कार्बन डायऑक्साइडच्या नळकांडीने हवा झटपट भरते, पण ती एकदाच कामी येते. लहान पंप सोबत असायलाच हवा.

पावसाचा अंदाज असेल तर ब्रेक पॅडची एक जोडी घ्या. वाळूमिश्रित चिखलात मऊ, सेंद्रिय पॅड एका दिवसातही संपू शकतात. झिजलेल्या पॅडच्या मागे पिस्टन बाहेर आलेले असतात, ते आत ढकलल्याशिवाय नवे पॅड बसत नाहीत.

ही सगळी कामे लांब सरावाहून परतल्यावर, दमलेल्या आणि घामट हातांनी, एकेकदा करून पाहा. सकाळी ताज्या हातांनी सुटणारी चेनची कडी संध्याकाळी सुटत नाही, हे घरीच कळलेले बरे.

प्रश्न : सरावात जेल (पुडीतला साखरेचा घट्ट पाक) आणि साखरेचे पेय नीट पचते. गेल्या शर्यतीत मात्र चौथ्या तासानंतर मळमळू लागले आणि पुढे काहीच खाववेना. काय चुकले असावे?

उत्तर : बहुधा तुमचा सराव शर्यतीपेक्षा सौम्य होता. जोर वाढला आणि ऊन लागले की रक्त स्नायूंकडे आणि त्वचेकडे वळते, पोटाच्या वाट्याला कमी येते, आणि एरवी पचणारे पेयही तसेच पडून राहते. केवळ ग्लुकोज घेतल्यास शरीर तासाला साधारण ६० ग्रॅम वापरू शकते. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज वेगवेगळ्या वाटांनी शोषले जात असल्यामुळे दोन्ही एकत्र घेतल्यास हे प्रमाण ९० ग्रॅमपर्यंत जाते. मात्र आतड्यांनाही त्याची सवय लावावी लागते. आठवड्यातल्या एका कठीण सरावात शर्यतीइतकेच खा आणि प्रमाण हळूहळू वाढवा. जेलबरोबर साखरेचे पेय न घेता साधे पाणी प्यावे. तासन्‌तास नुसते पाणी तहानेपेक्षा जास्त पिणे मात्र घातक आहे, कारण रक्तातले सोडियम धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते.

डोंगरी शर्यतीत खाण्याची वेळ घड्याळापेक्षा वाट ठरवते. खडकाळ उतारावर दोन्ही हात हँडलवर लागतात. मार्गाचा चढउतार आधी पाहून रुंद, सरळ कच्च्या रस्त्याचे टप्पे खाण्यासाठी राखून ठेवा.

तुमच्या पत्रात नसलेली, पण मला महत्त्वाची वाटणारी एक गोष्ट इथेच सांगतो. २००८ मध्ये वेल्समधील बिल्थ वेल्स येथे मुसळधार पावसात झालेल्या माउंटन बाइक शर्यतीनंतर अनेक स्पर्धक कॅम्पिलोबॅक्टर या जुलाब घडवणाऱ्या जिवाणूच्या संसर्गाने आजारी पडले. मार्ग मेंढ्यांच्या कुरणांतून जात होता आणि विष्ठामिश्रित चिखल तोंडात गेल्याचा संबंध आजाराशी आढळला. चिखलाच्या शर्यतीत झाकण असलेली बाटली किंवा पाठीवरची पाण्याची पिशवी वापरा, पुढच्या चाकावर मडगार्ड लावा, आणि वेष्टनातला पदार्थ वेष्टन धरूनच खा.

प्रश्न : शर्यतीसाठी नवे बूट आणि नवी बिब शॉर्ट (खांद्यांवर पट्टे असलेली सायकलिंगची चड्डी) घेतली आहे. त्या दिवशीच प्रथम वापरू का?

उत्तर : नको. किमान दोन-तीन लांब फेऱ्यांत दोन्ही वापरून पाहा. बिब शॉर्टच्या आत अंतर्वस्त्र घालू नये. त्याच्या शिवणी घासूनच जखमा होतात.

प्रश्न : अनेक दिवसांच्या, बाहेरच्या मदतीविना करायच्या शर्यतीत सामान सायकलीवर कसे विभागावे?

उत्तर : कॅनडातील बान्फपासून अमेरिका-मेक्सिको सीमेवरील अँटिलोप वेल्सपर्यंत जाणाऱ्या सुमारे ४,४०० किलोमीटरच्या ‘टूर डिव्हाइड’सारख्या शर्यतींत स्पर्धक सगळे सामान स्वतः वाहतो, त्यामुळे ही विभागणी रोजच्या थकव्यावर परिणाम करते. हत्यारे, पॉवर बँक, पाणी अशा जड वस्तू फ्रेमच्या त्रिकोणातल्या पिशवीत, शक्य तितक्या खाली असाव्यात. झोपण्याचे हलके सामान हँडलवर आणि कपडे सीटमागे. सीटमागे वजन वाढले की खडकाळ वाटेवर ती पिशवी डोलते आणि सायकल उभ्याने चालवणे अवघड होते. मागेही सस्पेन्शन असेल तर शॉकमधली (धक्के झेलणाऱ्या मागच्या नळीतली) हवा काढून सायकल पूर्ण दाबून पाहा. पिशवी आणि चाक यांच्यात अंतर उरते की नाही, ते तेव्हाच समजते. रेनकोट सर्वांत वर हवा. एकदा ठरलेली जागा शेवटपर्यंत बदलू नये, म्हणजे अंधारात शोधाशोध होत नाही. थंडीत लिथियम बॅटरी लवकर उतरते, म्हणून रात्री दिव्याच्या बॅटऱ्या स्लीपिंग बॅगमध्ये घ्या.

प्रश्न : विमानाने सायकल नेताना पेटीत काय विशेष जपावे?

उत्तर : डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे ध्यानात ठेवून पेडल काढा. डिरेलर सोडवून कागदात गुंडाळा आणि फ्रेमच्या आत बांधा. चाके काढल्यावर ब्रेक पॅडच्या मध्ये प्लास्टिकचा तुकडा घालायला विसरू नका. वाटेत लिव्हर दाबला गेला तर पिस्टन बाहेर येतात आणि डिस्क आत शिरत नाही. पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या हातातल्या सामानातच न्याव्या लागतात, तेही साधारणपणे १०० वॅट-तासांपर्यंतच्या. कार्बन डायऑक्साइडची नळकांडी चालतात का, ते विमान कंपनीला आधीच विचारा. शर्यतीच्या गावी ती विकत घेणे अधिक सोयीचे. पोहोचल्यावर सायकल जोडून, स्टेमचे (हँडल धरून ठेवणाऱ्या भागाचे) बोल्ट त्यावर लिहिलेल्या टॉर्कनुसार, म्हणजे आवळण्याच्या जोरानुसार, आवळा, तासभर खडबडीत वाटेवर चालवा आणि परतल्यावर तेच बोल्ट पुन्हा तपासा.