ओळखीच्यांना भांडी विकायची तर सुरुवात कशी करायची?

"घरी बोलवायचं, खाऊपिऊ घालायचं आणि सगळ्या निवांत बसल्या की भांडी पुढे करायची. उद्या मला कुणी आपल्या घरी बोलावेल का?"

भांडी दाखवून विकायची पहिली घरगुती पार्टी ठरवण्याआधी आमच्याकडे सल्ल्याला येणाऱ्या बहुतेक जणी या ना त्या शब्दांत हेच विचारतात. ही चाळिशीतली, एका कुकवेअर कंपनीची नुकतीच प्रतिनिधी झालेली. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) प्रात्यक्षिकाचा संच घरी येऊन पडला होता, तारीख मात्र दोनदा पुढे ढकलली होती. रात्री डोक्यात एकच चक्र चालायचं म्हणाली.

तिला एक काम दिलं. जे ऐकायची भीती वाटते ती वाक्यं, बोलणाऱ्याच्या तोंडची, कागदावर उतरवायची. चार निघाली. जाऊबाई: "धंद्याला आम्हीच सापडलो का?" मैत्रीण: "नाही घेतलं तर रागावशील?" शेजारीण: "दुकानात यापेक्षा स्वस्त मिळतं की." चौथ्या वाक्यापुढे कुणाचं नावच नव्हतं: "चिकटलं बघ!"

पहिली दोन वाक्यं नात्याची, तिसरं मालाचं आणि चौथं हाताच्या सवयीचं. तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत, आणि सगळं एकाच गाठोड्यात बांधून ठेवलं की झोप उडणारच.

नात्याचा प्रश्न पार्टीच्या दिवशी सुटत नाही, तो आमंत्रणात सुटतो. "सहज ये गं, गप्पा मारू" म्हणून बोलावलं आणि मग ऑर्डरचा फॉर्म काढला, की समोरचीला फसवल्यासारखं वाटतं, आणि ते वाटणं रास्तच आहे. म्हणून विक्री आहे हे पहिल्याच ओळीत यायला हवं. बसून तिच्याकडून संदेश लिहून घेतला: "मी स्टीलची भांडी विकायला सुरुवात केली आहे. शनिवारी चार ते सहा माझ्या घरी त्यांचं प्रात्यक्षिक आहे. विक्रीवर मला कमिशन मिळतं. बघायला ये, घेतलंच पाहिजे असं नाही. जमणार नसेल तर तसं कळव, वाईट वाटणार नाही." कमिशनचं वाक्य तिला खोडायचं होतं. ते ठेवायला लावलं. कारण तो प्रश्न पार्टीत येतोच, आणि दहा जणींसमोर अडखळत उत्तर देण्यापेक्षा आधीच लिहिलेलं बरं.

आमंत्रणं दोन आठवडे आधी गेली, आठवण दोन दिवस आधी. जितक्या खुर्च्या त्याच्या साधारण दुप्पट जणींना बोलवावं, कारण "नक्की येते" म्हणणाऱ्यांतल्या बऱ्याच जणी येत नाहीत. पण दहाबारापेक्षा जास्त माणसं खोलीत नकोत. मागच्यांना पॅनचा तळ दिसत नाही, आणि तळ दिसला नाही तर प्रात्यक्षिकाला अर्थच उरत नाही.

घरी बोलावून विकायची पद्धत उगाच रुळलेली नाही. टपरवेअरने १९५१ मध्ये आपला माल दुकानांतून काढून घरगुती पार्ट्यांवर भर दिला, कारण डब्याचं हवाबंद झाकण कसं लावायचं हे कुणी करून दाखवल्याशिवाय गिऱ्हाइकाला कळत नव्हतं. स्टीलच्या पॅनचंही तसंच आहे. नुसता खोका विकला की आठवड्यात तक्रार येते: सगळं चिकटतं. दोष पॅनचा नसतो, तापवण्याच्या पद्धतीचा असतो, आणि ती पद्धत समोर करून दाखवता येते.

म्हणून चौथ्या वाक्यावर सर्वांत जास्त वेळ दिला. एकटीने स्वयंपाकघरात तिला अंडं छान जमत होतं. तिला म्हटलं, आता बोलत बोलत कर, घरातल्या कुणाला तरी समोर बसवून. अंडं चिकटलं, करपलंही. पॅन आचेवर ठेवून ती कंपनीची माहिती सांगत बसली होती, आच मोठी होती आणि पॅन हवा त्याच्या कितीतरी पुढे तापला होता. पहिल्या पार्टीत सगळ्यात जास्त चुकतं ते इथेच. बोलण्याच्या ओघात मिनिटं कळत नाहीत.

मग क्रम बांधला. बोलून संपल्यावरच पॅन आचेवर. आच मध्यम, अडीच-तीन मिनिटांचा टायमर, तेवढ्यात सांगायच्या गोष्टी फक्त दोन. टायमर वाजला की चमचाभर पाण्याचे थेंब टाकायचे. थेंब पसरून चुर्र आवाज करत आटला तर पॅन अजून थंड आहे. थेंबाची गोळी होऊन ती पाऱ्यासारखी तळावर फिरू लागली तर पॅन तयार आहे. तळाचं तापमान साधारण दोनशे अंशांजवळ गेलं की थेंबाखाली वाफेचा पातळ थर धरतो आणि थेंब त्यावर तरंगतो. हे पाहुण्यांना फार आवडतं, दोनदा दाखवायला हरकत नाही. मग पाणी पुसून आच कमी करायची, तेल घालून पॅन फिरवायचा. तेलावर लहरी दिसल्या पाहिजेत, धूर नको. अंडं फ्रीजमधून थेट काढलेलं नसावं, थंड अंड्याने तळाचं तापमान झपकन उतरतं. आणि घातल्यावर हात बांधून थांबायचं. प्रथिनं धातूला आधी धरतात, खालची बाजू शिजून घट्ट झाली की आपोआप सोडतात. घाईने उलथनं घातलं की तुकडे पडणारच.

तरीही चिकटलं तर? याची तालीम आम्ही मुद्दाम करून घेतो. शेगडी बंद करायची, मिनिटभर थांबायचं, कोमट पाणी ओतायचं आणि लाकडी उलथन्याने खरवडायचं. तापलेल्या पॅनमध्ये गार पाणी ओतायचं नाही, तळ वाकू शकतो, आणि वाकलेला तळ सपाट शेगडीवर नीट बसत नाही. म्हणायचं एवढंच, "आच जास्त झाली की असं होतं. आता हे कसं निघतं ते बघा." ज्या क्षणाची तिला धास्ती होती, त्याचंही प्रात्यक्षिक होऊ शकतं हे कळल्यावर तिचे खांदे सैल झाले.

खोलीची मांडणी हाही या भीतीवरचा इलाजच. शेगडी टेबलावर, बसलेल्यांना पॅनचा आतला भाग दिसेल इतक्या उंचीवर. टेबलावर ठेवायची सुटी इंडक्शन शेगडी साधारण दोन हजार वॅट खाते. ती भिंतीतल्या जड भाराच्या सॉकेटलाच लावायची, बारीक वायरच्या एक्स्टेंशनवर नाही. वायर तापते, आणि त्याच बोर्डावर मिक्सर किंवा किटली असली तर ऐन वेळी वीज जाते. पुसायला कोरडा कपडा, गरम पॅन ठेवायला लाकडी पाट, टाकाऊ पाण्यासाठी वाडगा, ओल्याला वेगळा कपडा. ओल्या कपड्याने गरम कडी धरली की चटका बसतो, हे माहीत असूनही घाईत सगळ्या तेच करतात. प्रेशर कुकर पहिल्या पार्टीत दाखवू नये. शिट्टीची वाट बघण्यात प्रात्यक्षिकाची लय जाते.

तिसरं वाक्य, "दुकानात स्वस्त मिळतं." यावर तिला वाद घालायचा होता. आम्ही सांगितलं, आधी "मिळत असेल" म्हण, मग दोन भांडी शेजारी ठेव. तीन थरांच्या भांड्यात स्टीलच्या दोन पत्र्यांमध्ये अॅल्युमिनियम असतं, कारण ते उष्णता स्टीलच्या सुमारे पंधरा पट चांगली वाहून नेतं. काही भांड्यांत हा थर काठापर्यंत जातो, काहींत फक्त तळाला चकती बसवलेली असते. चकतीच्या भांड्यात तळ आणि बाजू जुळतात तिथे बाहेरून कड दिसते आणि आतून नेमकं तिथेच अन्न लागतं. पाणी किंवा सूप उकळायला चकतीवालं पुरतं, तिथे महागाचं घ्यायचं कारण नाही. हे विकणारीने स्वतःहून सांगितलं की तिच्या बाकीच्या बोलण्यावर विश्वास बसतो.

पॅन हातोहात फिरवावा आणि प्रत्येकीला एका हाताने उचलून बघायला सांगावं. अठ्ठावीस सेंटीमीटरचा तीन थरांचा पॅन रिकामाच दीड किलोच्या आसपास भरतो. मनगट दुखणारीने तो घेऊ नये, आणि तसं तोंडावर सांगावं. लहान आकार किंवा समोर दुसरी छोटी कडी असलेला पॅन सुचवावा. इंडक्शनवर चालेल का असं कुणी विचारलं तर फ्रीजवरचं चुंबक तळाला लावून दाखवावं. घट्ट धरलं तर चालतं.

एका गोष्टीबाबत आम्ही कडक आहोत. तिच्या प्रशिक्षणात सोड्याचा प्रयोग शिकवला होता: जुन्या अॅल्युमिनियमच्या भांड्यात खायचा सोडा घालून पाणी उकळायचं आणि पाहुण्यांना चाखायला द्यायचं. चव कडवट, धातूसारखी लागते, चेहरे बदलतात, ऑर्डरी येतात. पण सोडा क्षारीय असतो. तो अॅल्युमिनियमवरचा संरक्षक ऑक्साइडचा थर विरघळवतो, आणि असं पाणी करून रोज कुणी जेवत नाही. हा धाक आहे, माहिती नव्हे. भांड्यामुळे आजार बरे होतात किंवा भलत्या भांड्याने स्मृतिभ्रंश होतो, हे दावेही तिने वगळायचे ठरवले. नॉनस्टिकबद्दल सांगायचं तेवढं खरं सांगावं: रिकामं, मोठ्या आचेवर तापवू नये, २६० अंशांच्या वर त्याचा थर बिघडू लागतो.

आता ऑर्डर. सगळ्यांसमोर फॉर्म फिरवणं हा दबावच आहे, मग तोंडाने कितीही "जबरदस्ती नाही" म्हणा. शेजारी कुणी किती घेतलं ते दिसतं आणि बाई नको ते घेते. म्हणून ऑर्डरचं टेबल वेगळ्या खोलीत, जिला हवं ती एकटी येईल. फॉर्मवर आकार, नग, पोहोचवण्याच्या खर्चासह एकूण रक्कम, माल यायची तारीख, परत करायची मुदत आणि वॉरंटीसाठी कुणाला फोन करायचा. शेवटचे दोन रकाने रिकामे असतील तर त्या दिवशी ऑर्डरच घेऊ नये. "विचार करून सांगते" म्हणणारीला दुसऱ्या दिवशी एकच संदेश. उत्तर आलं नाही तर विषय संपला. पुन्हा विचारणं म्हणजे वसुली.

सदस्य जोडायची, म्हणजे पाहुण्यांनाच कंपनीच्या प्रतिनिधी करून घ्यायची, गोष्टही या पार्टीत काढायची नाही. तिच्या कंपनीत नेमून दिलेलं लक्ष्य भांड्यांचं होतं, माणसांचं नव्हतं, याची खात्री करून घेतली होती. उलट असतं तर पार्टी घेऊच नको म्हटलं असतं. तसंच कमिशन वाढेल म्हणून स्वतःच माल घेऊन ठेवायचा नाही. प्रात्यक्षिकाचा एक संच पुरे.

पार्टीला नऊ जणी आल्या. पहिलं अंडं सुटलं, दुसरं एका कडेला धरलं आणि तिने कोमट पाण्याचा प्रयोग करून दाखवला. जाऊबाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "यात तुला किती सुटतात गं?" तिने टक्केवारी सांगितली. "बरं आहे," म्हणून त्यांनी विषय बदलला. ऑर्डरी तीन झाल्या. जाऊबाईंनी काहीच घेतलं नाही, आणि मैत्रिणीने मोठ्या संचाची ऑर्डर दिली.

ही मैत्रीण आम्हाला खटकली. घरात दोन माणसं आणि सात भांड्यांचा संच. भिडेपोटीची ऑर्डर अशीच दिसते, गरजेपेक्षा मोठी आणि एकही प्रश्न न विचारता दिलेली. तिला सांगितलं, मुदत संपायच्या आत स्वतः फोन कर आणि कमी करायचं का विचार. तिने केला. मैत्रीण हसली, सुटल्यासारखं बोलली आणि एका पॅनवर आली.

माल आला तेव्हा प्रत्येक खोका घेणारीसमोर उघडला: झाकण बसतं का, कडी हलते का, काठाला पोचा आहे का. पहिल्या वापराआधी तेलाचा बोळा फिरवायला सांगितलं. पॉलिशचा काळा अंश त्यावर येतो, मग गरम साबणपाण्याने धुवायचं. मीठ पाणी उकळल्यावर घालायचं, गार पाण्यात तळाशी बसून राहिलेल्या मिठाने स्टीलला बारीक खड्डे पडतात. पांढरे डाग जड पाण्याचे, व्हिनेगरने जातात.

हिशेबाला बसलो तेव्हा तिने फक्त कमिशन धरलं होतं. त्यातून साहित्य, खाणं, माल पोहोचवायचा खर्च आणि प्रात्यक्षिकाच्या संचाचा एक हिस्सा वजा करून उरलेल्याला तासांनी भागायला लावलं. तासांत तालीम, सामान लावणं, आवरणं आणि घरोघर जाणंही धरलं. आकडा तिला अपेक्षेपेक्षा बराच लहान वाटला, पण तोट्याचा नव्हता. चांगलं भांडं वर्षानुवर्षं टिकतं, त्यामुळे याच नऊ जणींना पुन्हा बोलावण्यात अर्थ नाही हेही तिच्या लक्षात आलं. पुढची पार्टी शेजारणीने आपल्या माहेरच्या मंडळींसाठी मागितली आहे. यजमान म्हणून शेजारणीला सवलतीत एक भांडं मिळणार आहे, आणि ते आमंत्रणाच्या तिसऱ्या ओळीत लिहिलेलं आहे.