आधी सही, मग हॉल

प्रश्न : मुलगी (वय २७) पुण्यात नोकरीला आहे, वाकडला पाच महिन्यांपासून भाड्याने राहते. मुलगा त्रिशूरचा, ख्रिश्चन. नोकरीनिमित्त बंगळुरूला असतो. धर्म कुणीच बदलायचा नाही असं दोघांचं ठरलंय, आम्हालाही मान्य आहे. साताऱ्यात १४ डिसेंबरचा, रविवारचा हॉल घेतलाय. तिथेच रजिस्टर लग्न लावता येईल का? एक एजंट म्हणतो, ‘आठ दिवसांत सर्टिफिकेट हातात देतो.’ मुलाच्या आजोबांना मात्र लग्न झाल्यावरच सांगायचं चाललंय. – एक आई, सातारा

उत्तर : ताई, ॲडव्हान्स देऊन बसलात ना? असू द्या, हॉल वाया जाणार नाही. पण एजंटचा नाद सोडा.

‘लग्नाची नोंदणी’ आणि ‘नोंदणी पद्धतीचं लग्न’ यांत भल्याभल्यांचा गोंधळ होतो, आणि एजंटचं पोट त्याच गोंधळावर भरतं. पहिलीत लग्न आधीच लागलेलं असतं, कचेरी त्याची फक्त नोंद घेते. दुसऱ्यात लग्न लागतं तेच विवाह अधिकाऱ्यासमोर. आठ दिवसांत सर्टिफिकेट म्हणजे बहुधा मुलाला कागदोपत्री हिंदू करून हार घालायचे, दोन फोटो काढायचे आणि हिंदू विवाह म्हणून नोंद करायची. विधीच झाले नसतील तर नुसत्या सर्टिफिकेटने हिंदू विवाह होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट सांगितलंय. शिवाय धर्म बदलायचा नाही हे तुमचंच ठरलंय.

तुमचा रस्ता १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचा. दोघांपैकी एक जण ज्या जिल्ह्यात नोटिशीआधी सलग किमान ३० दिवस राहतोय, तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची. म्हणजे पुणे. हॉल साताऱ्यात आहे म्हणून सातारा चालणार नाही. वाकडच्या भाडेकराराची नोंदणी झालेली आहे ना, ते आजच बघा. राहण्याचा पुरावा म्हणून तोच कामी येतो. वयाचे दाखले दोघांचेही लागतील.

नोटीस लागल्यावर ३० दिवस थांबायचं, आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत लग्न लावायचं. मुदत उलटली तर पुन्हा पहिल्यापासून. म्हणून उत्साहाच्या भरात ऑगस्टमध्येच नोटीस देऊ नका, ती नोव्हेंबरातच बाद होईल. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात द्या. शुक्रवारी, १२ डिसेंबरला पुण्यात सह्या करा आणि रविवारी साताऱ्यात जेवणावळी घाला.

आता आजोबा. नोटीस कचेरीच्या फळ्यावर लागते. मुलाचं कायमचं घर त्रिशूरला असेल, तर तिची प्रत तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडेही जाते आणि तिथेही लागते. १९९१ साली माझी नोटीस अशीच काचेच्या फळ्यात, गंजक्या कुलपामागे लागली होती. धाकटे मामा शेताच्या खरेदीखतासाठी त्याच कचेरीत गेले, नंबर येईपर्यंत वेळ घालवायला फळा वाचत उभे राहिले आणि तडक घरी आले. लग्नापेक्षा ‘मला फळ्यावरून कळलं’ याचा राग त्यांना जास्त होता, आणि तो पुढे कित्येक वर्षं दर दिवाळीला निघायचा. तेव्हा आजोबांना आधी सांगा, तेही नातवाने स्वतः जाऊन.

त्यांनी हरकत घेतली तर? ‘आम्हाला पसंत नाही’ ही हरकत कायद्यात बसतच नाही. आधीचा जोडीदार हयात असणं, वय कमी असणं (मुलगा २१, मुलगी १८), निषिद्ध नातं, संमती देण्याइतकी मानसिक अवस्था नसणं, एवढ्यावरच हरकत घेता येते. तशी आली तर अधिकाऱ्याला ३० दिवसांत चौकशी करून निकाल द्यावा लागतो.

एक आणखी, हे कुणी सांगत नाही : या लग्नानंतर दोघांच्या मालमत्तेला १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागतो. लग्नाच्या गडबडीत नाही, पण वर्षभरात दोघांनी मृत्युपत्र करून ठेवावं.

सह्यांच्या दिवशी तीन साक्षीदार लागतात. ‘मी तुझा कायदेशीर पती म्हणून स्वीकार करते’ हे वाक्य दोघांना समजेल अशा कुठल्याही भाषेत म्हणता येतं, पण अधिकारी आणि तिन्ही साक्षीदारांसमोर म्हणावंच लागतं. साक्षीदारांना ओळखपत्राची मूळ प्रत आणायला बजावून सांगा. आमचा एक साक्षीदार नुसती झेरॉक्स घेऊन आला होता. तो घरी जाऊन परत येईपर्यंत आम्ही गळ्यात हार घालून दोन तास बाकावर बसलो होतो.