तुमचे प्रश्न : ऑफिसचे निरोप ऑफिसातच

प्रश्न : उद्यमबागेत आमचं मशीन शॉप आहे. ऑफिसात विंडोजचे पाच संगणक, उबुंटूचे दोन आणि एक मॅक. ड्रॉइंग, मापं, गिऱ्हाइकाचे बदल, सगळं ज्याच्या-त्याच्या फोनवरून फिरतं. माणूस काम सोडून गेला की निरोपही त्याच्याबरोबर जातात. मोबाइल नंबर न मागणारं आणि आपल्याच जागेत चालणारं मुक्त सॉफ्टवेअर सुचवा.
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : तुमच्यासाठी एक्सएमपीपी, म्हणजे निरोप पाठवण्याची खुली पद्धत, योग्य. १९९९ साली जॅबर या नावाने सुरू झालेली ही पद्धत ईमेलसारखी आहे : सर्व्हर एक, त्याला जोडणारी अ‍ॅपं हवी ती. सर्व्हरसाठी प्रोसोडी हे मुक्त सॉफ्टवेअर घ्या. आठ-दहा माणसांना २ जीबी रॅमचा जुना संगणक पुष्कळ झाला. तो शॉपमध्ये मात्र ठेवू नका, कास्टिंगची बारीक धूळ पंख्यात बसते. त्यावर डेबियन १२ किंवा १३ टाका आणि ‘सुडो आप्ट इन्स्टॉल प्रोसोडी’ ही आज्ञा द्या, अर्थात इंग्रजी अक्षरांत. एवढं काम दहा मिनिटांचं. वेळ जातो तो सर्टिफिकेटमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या ओळखपत्रात.

इथे बरेच जण स्वतःच सही केलेलं सर्टिफिकेट वापरतात. मग प्रत्येक संगणकावर ‘या सर्व्हरवर विश्वास ठेवायचा का?’ असा इशारा येतो आणि सगळ्यांना न वाचता ‘हो’ दाबायची सवय लागते. ती लावू नका. एक डोमेन नाव विकत घ्या, त्याच्या डीएनएसमध्ये, म्हणजे नावाला पत्ता जोडणाऱ्या नोंदीत, सर्व्हरचा आतला पत्ता लिहा, समजा १९२.१६८.१.५०, आणि लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं फुकट सर्टिफिकेट डीएनएस पडताळणीने मिळवा. या वाटेने बाहेरून एकही पोर्ट उघडावा लागत नाही, म्हणून ब्रॉडबँडवाल्याने स्वतंत्र पब्लिक आयपी दिला नसला तरी अडत नाही. सर्व्हरचा पत्ता बदलू नये म्हणून तो राउटरमध्ये कायमचा राखून ठेवा. काही राउटर मात्र आतला पत्ता सांगणारी डीएनएस उत्तरं गाळून टाकतात. ‘सर्व्हर सापडत नाही’ असं आलं तर राउटरच्या ‘रिबाइंड प्रोटेक्शन’मध्ये तुमच्या डोमेनला सूट द्या.

हे सर्टिफिकेट ९० दिवस चालतं. सर्टबॉट हा प्रोग्रॅम ते आपोआप नवं करतो, पण नव्या सर्टिफिकेटची किल्ली फक्त रूटला, म्हणजे संगणकाच्या मुख्य खात्याला, वाचता येते आणि प्रोसोडी चालतो वेगळ्या युजरखाली. तीन महिने सगळं सुरळीत, आणि एका सकाळी कुणालाच लॉगिन होत नाही, त्याचं कारण बहुधा हेच. प्रोसोडीबरोबर येणाऱ्या ‘प्रोसोडीसीटीएल’ची ‘सर्ट इम्पोर्ट’ ही आज्ञा सर्टबॉटच्या डिप्लॉय हुकमध्ये बसवा, म्हणजे प्रत्येक नूतनीकरणानंतर ती आपोआप चालेल.

आता प्रोसोडीची कॉन्फिग फाइल, म्हणजे सेटिंगची फाइल. तीत व्हर्च्युअलहोस्ट म्हणून तुमचं डोमेन लिहा. ग्रुपसाठी एमयूसी आणि फाइलींसाठी एचटीटीपी फाइल शेअर, असे दोन कंपोनंट जोडा. ही फाइल लुआ भाषेत असते, ओळीआधी दोन डॅश असतील तर ती ओळ वाचलीच जात नाही. एखादी सोय सुरू करूनही चालत नसेल तर आधी ते डॅश बघा. दोन्ही कंपोनंटना आपापलं सबडोमेन लागतं. तीही डीएनएसमध्ये आणि सर्टिफिकेटमध्ये हवीत, नाहीतर निरोप जातो आणि ड्रॉइंग अडकतं. फाइलीची मर्यादा मुळात १० एमबी असते आणि फाइल आठवड्याने पुसली जाते. तुम्ही मर्यादा ५० एमबी आणि मुदत वर्षभर करा. फायरवॉल असेल तर ५२२२ आणि ५२८१ हे पोर्ट ऑफिसच्या नेटवर्कपुरते उघडा. शेवटी ‘प्रोसोडीसीटीएल चेक’ चालवा, चूक कुठे आहे ते तो सांगतो. माणसागणिक खातं ‘प्रोसोडीसीटीएल अ‍ॅडयूजर’ने उघडा.

निरोप लिहायला-वाचायला विंडोज आणि उबुंटूवर गाजिम टाका. उबुंटूच्या भांडारातली आवृत्ती जुनी असू शकते, तिथे फ्लॅटपॅक, म्हणजे भांडाराबाहेरून ताजी आवृत्ती टाकायची सोय, बरा. मॅकला मोनल, अँड्रॉइडला कॉन्व्हर्सेशन्स. हे एफ-ड्रॉइड या मुक्त सॉफ्टवेअरच्या भांडारात फुकट मिळतं. फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये त्याला ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा, नाहीतर स्क्रीन बंद असताना निरोप येणार नाहीत.

तुमच्या मूळ अडचणीचं उत्तर मात्र एका निर्णयात आहे. ओमेमो, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा यांनाच वाचता येणारं कूटलेखन, चालू असलं की सर्व्हरवर फक्त कुलूपबंद मजकूर राहतो. किल्ल्या त्या-त्या माणसाच्या संगणकात आणि फोनमध्ये असतात. माणूस गेला की मजकूर असूनही वाचता येत नाही, आणि नव्या माणसाला मागचं काहीच दिसत नाही. म्हणून कामाच्या ग्रुपमध्ये ओमेमो बंद ठेवा. ऑफिस ते सर्व्हर या वाटेवर टीएलएसचं, म्हणजे वाटेतल्या कूटलेखनाचं, संरक्षण असतंच. ग्रुपचे निरोप साठवायला एमयूसी-मॅम मॉड्यूल सुरू करा आणि मुदत वाढवा, कारण डेबियनच्या फाइलीत साठवणुकीची मुदत आठवड्याचीच लिहिलेली असते. ग्रुपमधलं सगळं जपलं जातं हे कामगारांना आधी स्पष्ट सांगा. खासगी गप्पांसाठी ओमेमो त्यांच्या हक्काचं आहे, ते अडवू नका. बॅकअपला ‘/व्हार/लिब/प्रोसोडी’ आणि ‘/ईटीसी/प्रोसोडी’ हे दोन फोल्डर रोज रात्री दुसऱ्या डिस्कवर उतरवले की झालं.

प्रश्न : एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स मिंट आहे, सिग्नल दोन्हीकडे. विंडोजमध्ये गेलं की घड्याळ साडेपाच तास मागे. शिवाय तिथलं सिग्नल पुन्हा-पुन्हा जोडायला सांगतं.
— एक वाचक, खानापूर

उत्तर : लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितो आणि विंडोज तीच भारतीय वेळ समजतो. फरक म्हणूनच नेमका साडेपाच तासांचा. मिंटमध्ये ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ ही आज्ञा एकदा द्या, मग विंडोजची वेळ सुधारून घ्या.

सिग्नलसाठी ही दोन वेगळी उपकरणं आहेत. फोनला अशी पाचच जोडता येतात, आणि बरेच दिवस न उघडलेलं आपोआप सुटतं. विंडोज क्वचित वापरत असाल तर सिग्नल फक्त मिंटमध्ये ठेवा. तिथे अपडेट टाळू नका, जवळपास ९० दिवसांनी जुनी आवृत्ती चालायची थांबते.

प्रश्न : लिनक्सवर मराठी निरोपांत चौकोन दिसतात, कन्नडचंही तेच. आणि ‘दऱ्या’ लिहायला गेलं की ‘दर्या’ होतो.
— एक वाचक, निपाणी

उत्तर : चौकोन म्हणजे त्या लिपीचा फॉन्ट नाही. ‘फॉन्ट्स-नोटो-कोअर’ टाका, दोन्ही लिप्या येतील. अ‍ॅप बंद करून पुन्हा उघडा. विंडोज १० आणि ११ मध्ये निर्मला यूआय असतोच. साधा र, हलन्त आणि य जोडले की रफारच येतो, आणि डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतो. इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून जे दाबा, मग शिफ्ट सोडून डी, मग उजवीकडची तिरप्या रेघेची कळ.