काळ-वेग-अंतराची सूत्रे पाठ आहेत, तरी शाब्दिक उदाहरणे सुटत नाहीत, काय करावे?

आपला प्रश्न असा आहे की, पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेसाठी काळ, वेग आणि अंतराची सगळी सूत्रे पाठ झाली आहेत, नुसते आकडे दिले तर उत्तर येते, पण तीच गोष्ट शब्दांत विचारली की कोणते सूत्र लावावे ते कळत नाही आणि वेळ निघून जातो. मी परभणीत भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींना अंकगणित शिकवतो. प्रत्येक तुकडीत हीच अडचण घेऊन कोणी ना कोणी येते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

या प्रकरणात मुलांकडे सूत्रे गरजेपेक्षा जास्त असतात, असे माझे स्पष्ट मत आहे. मूळ सूत्र एकच आहे: अंतर म्हणजे वेग गुणिले वेळ. बाकीची सारी त्यातूनच निघाली आहेत आणि प्रत्येकाची एक अट आहे. ती अट न पाहता सूत्र उचलले की उत्तर चुकते. तेव्हा उदाहरण वाचून झाल्यावर आधी सूत्र शोधू नये. या गोष्टीत काय सारखे राहिले आहे, अंतर, वेळ की वेग, हे आधी शोधावे. सारखे काय हे सापडले की पुढची मांडणी बहुधा आपोआप सुचते.

सरासरी वेगाचे उदाहरण घेऊ. छत्रपती संभाजीनगर ते जालना हे अंतर रस्त्याने साधारण ६० किमी आहे. हिशेबासाठी नेमके ६० धरू. एक मोटारसायकलस्वार जाताना ताशी ६० किमी आणि येताना ताशी ४० किमी वेगाने गेला, तर सरासरी वेग किती? पर्यायांत ५० हमखास दिलेला असतो आणि घाईत बहुतेक जण त्यावरच खूण करतात. येथे सारखे आहे ते अंतर. जायला १ तास लागला, यायला दीड तास. एकूण १२० किमी अडीच तासांत, म्हणजे सरासरी ताशी ४८ किमी. कमी वेगाने तो जास्त वेळ चालला असल्यामुळे सरासरी त्या बाजूला झुकली. हाच स्वार १ तास ६० ने आणि १ तास ४० ने चालला असता, तर वेळ सारखा झाला असता आणि मग ५० हे उत्तर अगदी बरोबर ठरले असते. दोन्ही उदाहरणांतील वेग तेच आहेत. फरक फक्त सारखे काय आहे याचा आहे.

उशीर आणि लवकर यांची उदाहरणे मुलांना सर्वांत अवघड जातात. एक मुलगी गावाहून शाळेत पायी जाते. ताशी ४ किमी वेगाने चालली तर तिला १० मिनिटे उशीर होतो, ताशी ५ किमी वेगाने चालली तर ती ५ मिनिटे आधी पोहोचते. शाळा किती दूर? अशा वेळी मी फळ्यावर एक आडवी रेघ ओढतो, मध्ये शाळेची वेळ म्हणून एक उभी खूण करतो, उजवीकडे १० मिनिटांवर एक टिंब आणि डावीकडे ५ मिनिटांवर दुसरे. दोन टिंबांमधले अंतर १५ मिनिटे आहे, हे मग सांगावे लागत नाही. रेघ न ओढता सोडवणारी मुले १० मधून ५ वजा करतात आणि तेथेच उदाहरण हातचे जाते. दोन्ही वेळा उशीर झाला असता तर वजाबाकी योग्य होती. एकदा उशीर आणि एकदा लवकर असेल तर बेरीजच करावी लागते.

आता पुन्हा तोच प्रश्न विचारायचा: सारखे काय? घर आणि शाळा जागच्या जागी आहेत, म्हणजे अंतर सारखे. अंतर सारखे असले की वेगाचे गुणोत्तर उलटे केल्यावर वेळेचे गुणोत्तर मिळते. वेग ४ ला ५, म्हणून वेळ ५ ला ४. दोहोंतील फरक एका भागाचा आणि तो एक भाग १५ मिनिटांचा. म्हणजे हळू चालताना ७५ मिनिटे, भरभर चालताना ६० मिनिटे लागतात. ताशी ५ किमी वेगाने ६० मिनिटांत ५ किमी होतात. ताशी ४ किमी वेगाने सव्वा तासातही ५ किमीच होतात, म्हणजे पडताळाही तेथल्या तेथे झाला. क्ष मानून समीकरण मांडले तरी उत्तर हेच येते आणि ती रीत चुकीची नाही, परंतु अपूर्णांकांची वजाबाकी करण्यात परीक्षेतला मोलाचा वेळ जातो.

आगगाडीच्या उदाहरणांत गोंधळ होतो तो 'ओलांडणे' या शब्दाचा. परभणी जंक्शनवर फलाटाच्या टोकाशी उभे राहून न थांबणारी गाडी एकदा नीट पाहावी. इंजिनाचे तोंड तुमच्यासमोर आले की ओलांडणे सुरू होते आणि शेवटच्या डब्याच्या पाठीवर रंगवलेली मोठी पिवळी फुली तुमच्यासमोरून गेली की ते संपते. एवढ्या वेळात गाडी स्वतःच्या लांबीइतकेच अंतर गेलेली असते. खांब असो वा उभा माणूस, अंतर म्हणजे गाडीची लांबी. फलाट ओलांडताना मात्र इंजिन फलाटाच्या एका टोकाला शिरते आणि ती फुली दुसऱ्या टोकातून बाहेर पडेपर्यंत वेळ मोजायचा असतो, म्हणून फलाट आणि गाडी यांच्या लांबीची बेरीज येते. १५० मीटर लांबीची गाडी ताशी ५४ किमी, म्हणजे सेकंदाला १५ मीटर वेगाने जात असेल, तर खांब १० सेकंदांत ओलांडेल. ३०० मीटरच्या फलाटाला ४५० भागिले १५, म्हणजे ३० सेकंद लागतील.

समोरून २५० मीटर लांबीची दुसरी गाडी ताशी ३६ किमी, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाने आली, तर लांबींची बेरीज ४०० आणि वेगांचीही बेरीज २५, म्हणून १६ सेकंद. त्याच गाड्या एकाच दिशेने जात असतील तर लांबींची बेरीज तशीच राहते, फक्त वेगांची वजाबाकी होते. ४०० भागिले ५, म्हणजे ८० सेकंद. दिशा बदलली म्हणून लांबींचीही वजाबाकी करू नये.

एककांचा घोळ मिटवण्यासाठी ५/१८ चा गुणाकार नुसता पाठ करण्यापेक्षा तो कोठून आला ते पाहावे: १ किमी म्हणजे १००० मीटर, १ तास म्हणजे ३६०० सेकंद. ताशी १८ किमी म्हणजे सेकंदाला ५ मीटर, एवढी एक जोडी लक्षात ठेवली की ३६ ला १०, ५४ ला १५, ७२ ला २० आणि ९० ला २५ हे पाढ्यासारखे येते. भरतीची तयारी करणाऱ्याला तर ही जोडी मैदानावरच भेटते. १६०० मीटर ५ मिनिटे २० सेकंदांत धावणारा मुलगा ३२० सेकंदांत ते अंतर कापतो, म्हणजे नेमका सेकंदाला ५ मीटर, ताशी १८ किमी. ४०० मीटरची प्रत्येक फेरी ८० सेकंदांची. आपण रोज पहाटे घड्याळ लावून धावत असाल, तर आपलाच वेग काढून पाहावा.

लेखी परीक्षेत १०० प्रश्नांना ९० मिनिटे असतात, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. त्यामुळे पुढचे काही दिवस एक वेगळा सराव करावा, असे मी सुचवेन. जुन्या प्रश्नपत्रिकांतून या प्रकरणाची वीस उदाहरणे निवडावीत आणि ती लगेच सोडवू नयेत. प्रत्येकासमोर फक्त दोन गोष्टी लिहाव्यात: सारखे काय आहे आणि उत्तर कोणत्या एककात मागितले आहे. वीसही झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून घड्याळ लावून सोडवावीत. जेथे उत्तर चुकेल तेथे आकडेमोड तपासण्याआधी आपण समोर काय लिहिले होते ते पाहावे.