नंबर जाईल, डोळा तोच राहील

प्रिय मुली,
सप्रेम आशीर्वाद.

पुढच्या महिन्यात लेसिक करून टाकते, मग चष्म्याची कटकट कायमची संपली, असं तू लिहिलं आहेस. ऑपरेशनला माझी मुळीच हरकत नाही. डोळे तपासणं हेच माझं काम, त्यामुळे लेसिक झालेली पुष्कळ मंडळी माझ्यासमोर येतात. सकाळी उठल्या उठल्या भिंतीवरचं घड्याळ दिसतं, हा त्यांचा आनंद अगदी खरा असतो. मला वाटतं ते एवढंच, की तू या ऑपरेशनकडून जरा जास्तच मागते आहेस.

लेसर फक्त कॉर्नियाला, म्हणजे बुबुळावरच्या काचेसारख्या थराला, नवा आकार देतो. मायनस नंबर बहुतेक वेळा डोळा लांबट असल्यामुळे येतो आणि ती लांबी तशीच राहते. नंबर शून्य झाला तरी आतला पडदा ताणलेलाच असतो. म्हणून वर्षातून एकदा थेंब घालून पडदा तपासून घ्यायचाच. डोळ्यापुढे अचानक काळे ठिपके वाढले किंवा विजेसारखं चमकलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. चष्मा गेला की लोक हे पार विसरतात.

आता जाडीचा हिशेब बघ. कॉर्निया मध्यभागी सरासरी 540 मायक्रॉन जाड असतो, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त. त्यातला वरचा सुमारे 110 मायक्रॉनचा पापुद्रा उचलतात, त्याला फ्लॅप म्हणतात. खालचा थर लेसर घासतो, दर नंबरामागे ढोबळमानाने 15 मायक्रॉन. तुझा नंबर उणे साडेपाच, म्हणजे 80-85 मायक्रॉन गेले. खाली साधारण 345 उरतात. किमान 250 तरी उरायलाच हवेत, आणि बरेच सर्जन 300 चा आग्रह धरतात. पण तुझी जाडी अजून मोजायची आहे. तीच 490 आणि नंबर उणे आठ असता, तर 260 च उरले असते. अशा वेळी चांगला सर्जन सरळ नाही म्हणतो, किंवा डोळ्यात बसवायच्या लेन्सचा पर्याय सुचवतो. नाही म्हणणारा भेटला, तर दुसरीकडे जाऊन हो म्हणवून घेऊ नकोस.

कॉर्नियाचा नकाशा काढतात, तो रिपोर्ट नीट समजावून घे. कॉर्निया शंकूसारखा पुढे येण्याची, केराटोकोनसची, नुसती शंका असली तरी लेसिक नको. तू डोळे फार चोळतेस, हेही डॉक्टरांना सांग. गेल्या वर्षभरात नंबर वाढला असेल तर थांब. सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स डॉक्टर सांगतील तितके दिवस, निदान एक-दोन आठवडे, आधी बंद कर. लेन्सने कॉर्नियाचा आकार बदलतो आणि मापं चुकतात.

ऑपरेशनला घाबरू नकोस. थेंबांनी डोळा बधिर होतो, दाब जाणवतो, क्षणभर अंधारून येतं, केस जळल्यासारखा वास येतो. त्या दिवशी डोळे चुरचुरतात, पाणी येतं. घरी जाऊन झोपून घ्यायचं. दुसऱ्या दिवशी बहुतेकांना छान दिसतं, आणि इथेच गैरसमज होतो की सगळं झालं. कॉर्नियातल्या बारीक नसा कापल्या गेल्याने डोळे काही महिने कोरडे पडतात. तुझं दिवसभर लॅपटॉपवर काम, तेव्हा तुला ते जास्तच जाणवेल. थेंब न चुकता घाल. रात्री समोरच्या गाडीच्या दिव्याभोवती वलयं दिसतात. बहुतेकांची हळूहळू कमी होतात, काहींची थोडी राहतात. तू रात्री एक्सप्रेसवेवर गाडी चालवतेस, म्हणून हे मुद्दाम लिहिते आहे.

कधीकधी उणे अर्धा वगैरे नंबर उरतो किंवा काही वर्षांनी परत येतो. पुन्हा लेसर करायचा की नाही, ते उरलेल्या जाडीवर ठरतं. चाळिशीनंतर वाचायला चष्मा लागेल, तो लेसिकने टळत नाही. तुझ्या आईला लागला, तुलाही लागेल.

आणि एक काम विसरू नकोस. ऑपरेशनआधीचा नंबर, कॉर्नियाची मापं, किती मायक्रॉन काढले, हे सगळे कागद मागून घे आणि जपून ठेव. पुढे मोतीबिंदू झाला तर आत बसवायच्या लेन्सचा नंबर काढताना कॉर्नियाचा बदललेला आकार गोंधळ घालतो. काचबिंदूसाठी डोळ्यातला दाब मोजतानाही पातळ कॉर्नियामुळे आकडा खरा असतो त्याहून कमी दिसतो. तपासणाऱ्याला लेसिक झाल्याचं सांगायलाच हवं.

तपासणीचे रिपोर्ट आले की मला पाठव. तारीख त्यानंतर ठरवू.

तुझी,
मावशी