स्विचवरचे मल्टिकास्ट आणि मॅक पत्ते : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आयजीएमपी स्नूपिंग (यंत्रांच्या आयजीएमपी मागण्या ऐकून डेटा फक्त मागणाऱ्या पोर्टवर सोडण्याची स्विचची सोय) चालू केले की कॅमेऱ्यांचे मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेक यंत्रांना जाणारे) चित्र येते आणि चारेक मिनिटांत गोठते. बंद केले की व्यवस्थित चालते. बंदच ठेवू का?

उत्तर : नका ठेवू. दोष स्नूपिंगचा नाही; तुमच्या व्हीलॅनमध्ये (स्विचवर वेगळ्या काढलेल्या आभासी नेटवर्कमध्ये) क्वेरियर, म्हणजे यंत्रांना विचारणा करणारा, नाही. कोणत्या पोर्टवरच्या यंत्राने कोणता ग्रुप (मल्टिकास्ट प्रवाहाचा आयपी पत्ता) मागितला, हे स्विच नुसते ऐकून टिपून ठेवतो. ती नोंद टिकण्यासाठी ‘अजून कोणाला हवंय का?’ असे कोणीतरी विचारत राहावे लागते. आयजीएमपीच्या मूळ वेळांनुसार ही विचारणा दर १२५ सेकंदांनी होते आणि २६० सेकंदांत उत्तर न दिसल्यास नोंद पुसली जाते. तुमची ‘चारेक मिनिटे’ ती हीच.

एरवी हे काम मल्टिकास्ट राउटर करतो. तो नसेल तर मुख्य स्विचवर क्वेरियर चालू करा आणि त्याला त्याच व्हीलॅनमधला आयपी पत्ता द्या. मी तर दोन स्विचवर चालू करायला सांगेन. कमी आयपी पत्त्याचा निवडला जातो, तो बंद पडला की दुसरा काम उचलतो. स्नूपिंग बंद ठेवल्यास प्रत्येक कॅमेऱ्याचा प्रवाह त्या व्हीलॅनमधल्या प्रिंटरपर्यंत जातो, आणि वायफायचे तर फारच हाल होतात.

प्रश्न : २३९.१.१.१ मागणाऱ्या यंत्राकडे २३९.१२९.१.१ चा डेटाही येतो. स्विच बिघडला आहे का?

उत्तर : नाही. आयपीव्ही४ ग्रुप पत्त्याचे शेवटचे २३ बिटच मॅक पत्त्यात (स्विच ज्यावरून पोर्ट ठरवतो त्या हार्डवेअर पत्त्यात) उतरतात. त्याआधीचे ५ बिट गळतात, म्हणून ३२ ग्रुपना एकच मॅक पत्ता मिळतो. तुमचे दोन्ही ग्रुप त्यातलेच, आणि मॅक पाहून पुढे पाठवणाऱ्या स्विचला त्यांच्यातला फरक कळत नाही. एक ग्रुप बदला. मात्र २३९.०.०.५ किंवा २३९.१२८.०.५ असे पत्ते घेऊ नका. त्यांचा मॅक २२४.०.०.५ शी जुळतो, आणि २२४.०.०.० ते २२४.०.०.२५५ हा पट्टा स्विच सगळ्या पोर्टवर सोडतो.

प्रश्न : एकच मॅक पत्ता सतत या पोर्टवरून त्या पोर्टवर उडी मारतो. स्टॅटिक (एकाच पोर्टला पक्की बांधलेली) नोंद करून टाकू का?

उत्तर : कृपया नको, त्याने लक्षण झाकले जाईल. आधी लूप (केबलींचे बंद वर्तुळ) शोधा : दोन्ही पोर्टच्या केबल कुठे जातात ते पाहा आणि स्पॅनिंग ट्री (लूप तोडणारी स्विचची सोय) चालू आहे ना ते तपासा. लूप नसेल तर सर्व्हरकडे बघा. तिथे दोन लिंक एकत्र बांधल्या असतील आणि स्विचवर ते पोर्ट सुटेच असतील, तर असेच दिसते.